घरातलं नेट आणि वायफाय: सांगली-मिरज परिसरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गावभागातला जुना वाडा असो, विश्रामबागेतला फ्लॅट असो, नाहीतर तासगावकडची मळ्यातली वस्ती असो, तक्रार एकाच शब्दांत येते: "नेट चालत नाही." या तीन शब्दांमागे दहा वेगवेगळी कारणं असतात. सांगली-मिरज भागात घरोघरी नेटवर्क बसवण्याचं आणि दुरुस्तीचं काम मी करतो. त्या अनुभवावरून एक गोष्ट आधीच सांगतो. दोष बहुतेक वेळा बाहेरच्या लाइनीत नसतो, तो राउटरपासून तुमच्या हातातल्या मोबाइलपर्यंतच्या टप्प्यात असतो. म्हणून प्लॅन वाढवण्यात किंवा नवा राउटर घेण्यात पैसे घालण्याआधी दोष नेमका कुठे आहे ते शोधा. त्याला फक्त थोडा वेळ लागतो, पैसा लागत नाही.

नेट बंद पडलं की सगळ्यात आधी काय बघायचं?

घरात नेट येण्याचे पाच टप्पे असतात: बाहेरून आलेली फायबर, ती जिथे जोडली आहे ती पेटी म्हणजे ओएनटी, मग राउटर, मग वायफाय किंवा लॅन केबल, आणि शेवटी मोबाइल-लॅपटॉप. बऱ्याच घरांत ओएनटी आणि राउटर एकाच पेटीत असतात.

तपासायला शेवटाकडून सुरुवात करा. एकाच मोबाइलवर नेट नाही आणि बाकी सगळ्यांचं चालू आहे, तर दोष त्या मोबाइलचा. कुणाच्याच मोबाइलवर नाही, तर लॅपटॉप केबलने थेट राउटरला लावा. केबलवर नेट चालतं आणि वायफायवर नाही, म्हणजे बाहेरची लाइन आणि राउटरचा मुख्य भाग ठीक आहे, गडबड वायफायची आहे. केबलवरही नाही, तर पेटीवरचे दिवे बघा. ही एवढी तपासणी केली की अर्ध्याहून जास्त शंका तिथेच मिटतात. घरात लॅनची दोन मीटरची एक केबल यासाठी कायम ठेवा. ज्या लॅपटॉपला लॅनचं भोकच नाही त्याच्यासाठी यूएसबी-लॅन जोडणी मिळते, तीही घेऊन ठेवण्यासारखी आहे.

पेटीवर लाल दिवा लागलाय. म्हणजे काय?

'लॉस' नावाचा दिवा लाल झाला असेल तर फायबरमधून येणारा प्रकाश पेटीपर्यंत पोहोचत नाही. 'पॉन' हा दिवा हिरवा आणि स्थिर असेल तर बाहेरची लाइन ठीक. तो हिरवाच पण लुकलुकत राहिला, तर प्रकाश येतोय पण समोरच्या यंत्रणेशी ओळख पटत नाही.

लाल दिवा दिसला की तक्रार करण्याआधी घरातली फायबर डोळ्यांनी बघा. पेटीत जाणारी ती पातळ पिवळी किंवा पांढरी दोरी कपाटामागे दाबली गेलेली असते, दिवाळीच्या साफसफाईत कपाट भिंतीला टेकवताना हमखास असं होतं. फायबरच्या आत केसाएवढी काच असते. ती तुटायलाच हवी असं नाही, काटकोनात मुडपली तरी प्रकाश वळणावरून बाहेर सांडतो. ३ सेंटीमीटर त्रिज्येपेक्षा लहान वळण देऊ नका, आणि वाढीव फायबर गुंडाळायची असेल तर ताटलीएवढं मोठं वेटोळं करा. टोक बाहेर काढलं तर त्यात डोकावून बघू नका. त्यातला लेसर डोळ्यांना दिसत नाही, पण असतो.

बाहेर तुटण्याची आपल्याकडची कारणं ठरलेली आहेत. गाळप हंगामात उसाने वरपर्यंत भरलेल्या ट्रॉलीला रस्त्यावरून आडवी गेलेली केबल अडकते. शेतातून गेलेली केबल पाचट पेटवताना वितळते. रस्त्याच्या खोदकामात जेसीबीचा दात लागतो. आणि उंदीर, घूस वर्षभर आहेतच. अशा ठिकाणी दोन टोकं यंत्राने वितळवूनच जोडावी लागतात, चिकटपट्टीने काही होत नाही.

दिवे हिरवे आहेत, तरी नेट अधूनमधून जातं. प्रकाश कमी येतोय का, हे घरबसल्या कळेल का?

कळतं. बऱ्याच ओएनटींच्या सेटिंगच्या पानावर (ब्राउझरमध्ये पेटीचा पत्ता टाकला की उघडतं ते) 'आरएक्स पॉवर' म्हणजे पेटीपर्यंत पोहोचलेल्या प्रकाशाचा आकडा असतो, डीबीएम या मापात आणि उणे चिन्हासह. उणे १५ ते उणे २४ च्या दरम्यान असेल तर निर्धास्त राहा. उणे २७ च्या आसपास गेला की पेटी काठावर आली, पाऊस किंवा वाऱ्याने केबल हलली तरी नेट जाणार. या मापात ३ ने घट म्हणजे प्रकाश निम्मा, हे लक्षात ठेवा. नेट नीट चालू असताना आकडा एकदा टिपून ठेवा. पुढे बिघाड झाला की तुलनेला तो फार कामाला येतो.

रीस्टार्ट आणि रीसेट यात फरक काय?

हा प्रश्न पुरेसा विचारला जात नाही आणि त्यामुळे घरंच्या घरं दोन-दोन दिवस नेटशिवाय बसतात. रीस्टार्ट म्हणजे वीज बंद करून पुन्हा चालू करणं, त्याने काहीही बिघडत नाही. रीसेट म्हणजे मागच्या बारीक भोकात टाचणी घालून दहा सेकंद दाबून धरणं. त्याने राउटरमध्ये भरलेलं सगळं पुसलं जातं: तुमचं वायफायचं नाव, पासवर्ड, आणि कंपनीने भरलेलं युजरनेम-पासवर्डसुद्धा. ते परत भरल्याशिवाय नेट सुरू होत नाही, आणि ते बहुतेकांकडे लिहिलेलं नसतं. म्हणून भोकाला हात लावू नका.

रीस्टार्ट करताना क्रम पाळा. दोन्ही पेट्या बंद करा, अर्धा मिनिट थांबा, आधी ओएनटी चालू करा. त्याचा पॉनचा दिवा स्थिर झाला की मग राउटर. राउटर आधी उठला आणि पलीकडे लाइनच तयार नसली तर काही राउटर तसेच अडकून बसतात.

१०० एमबीपीएसचा प्लॅन आहे, मोबाइलवर ४० च दिसतात. कंपनी फसवते का?

आधी केबलने मोजा. लॅपटॉप राउटरला केबलने जोडून, बाकी सगळ्यांचं वायफाय बंद करून चाचणी घ्या. तिथे ९०-९५ येत असतील तर कंपनीने आपलं काम केलंय. उरलेला वेग तुमच्या वायफायमध्ये हरवतोय. २.४ गिगाहर्ट्‌झवर जोडलेल्या साध्या मोबाइलला ४० मिळणं अगदी स्वाभाविक आहे (वायफायच्या लहरींचे दोन पट्टे असतात, २.४ आणि ५, त्यावर पुढे वेगळा प्रश्न आहे). त्याची कागदावरची मर्यादाच ७२ किंवा १४४ असते आणि प्रत्यक्षात त्याच्या निम्म्याच्या आसपास पदरात पडतं. हाच मोबाइल ५ गिगाहर्ट्‌झवर राउटरच्या खोलीत न्या, आकडा लगेच चढेल.

अशा घरात ३०० चा प्लॅन घेतला तरी मोबाइलवर ४० च राहतात. विहिरीवर मोठी मोटर बसवली तरी वाफ्याकडे जाणारा पाइप अर्ध्या इंचाचाच असेल तर पाणी तेवढंच येणार.

आणखी एक गोंधळ. वेग मेगाबिटमध्ये सांगतात आणि फाइल मेगाबाइटमध्ये उतरते. १०० मेगाबिट म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट. संगणकावर डाउनलोड १२ दिसत असेल तर ते पूर्ण १०० आहेत.

राउटर कुठे ठेवावा?

केबल जिथून घरात शिरली तिथे राउटर ठेवून माणूस निघून जातो, आणि मग घरचे सगळे त्या कोपऱ्याभोवती जगायला लागतात. हे टाळता येतं. बसवायच्या दिवशीच फायबर दहा-पंधरा मीटर जास्त आत ओढून घ्या. घराच्या मधोमध, डोक्याच्या उंचीवर, मोकळ्या जागी राउटर हवा. लोखंडी कपाटावर, टीव्हीच्या मागे, फ्रीजजवळ, शोकेसच्या आरशामागे नको. पाण्याची टाकी मध्ये आली तर पलीकडे रेंज पडते, कारण पाणी या लहरी शोषून घेतं.

जुन्या वाड्यांचा विषय वेगळा आहे. दीड-दोन फूट जाडीची माती-दगडाची भिंत एकच आडवी आली तरी ५ गिगाहर्ट्‌झची लहर जवळजवळ संपते, २.४ ची कशीबशी पार होते. अशा वाड्यात ओसरीवर राउटर ठेवून माजघरात रेंज मिळेल ही अपेक्षाच चुकीची आहे, मग तो कितीही अँटेनांचा असो. इथे मी सरळ सांगतो की दरवाजे एका रेषेत कुठे येतात ते बघा. ओसरी, माजघर आणि मागचं परसदार यांची दारं समोरासमोर असतील तर त्या रेषेत ठेवलेला राउटर भिंतीतून न जाता दारांतून पोहोचतो. लाकडी पाटणीची माडी असेल तर वरखाली रेंज बरी जाते, स्लॅबच्या घरात मात्र वरच्या मजल्याला वेगळी सोय लागतेच. पत्र्याच्या खोलीत उलट अडचण असते: आत भरपूर, बाहेर काहीच नाही, कारण पत्रा लहरी परतवतो.

२.४ घ्यावं की ५?

लांब आणि भिंतीपलीकडे २.४, जवळ आणि वेगासाठी ५. बऱ्याच राउटरमध्ये दोन्हींना एकच नाव देता येतं आणि मोबाइल आपला आपण निवडतो. तो चुकीचं निवडत असेल तर दोन वेगळी नावं ठेवा. कॅमेरे, स्मार्ट प्लग, जुने प्रिंटर बहुधा फक्त २.४ ओळखतात, म्हणून २.४ बंद करू नका.

अपार्टमेंटमध्ये शेजारीपाजारी सगळ्यांचे राउटर २.४ वर एकमेकांच्या अंगावर येतात. या पट्ट्यात एकमेकांना न छेदणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. मोबाइलवर वायफाय अॅनलायझर अॅप टाकून बघा आणि यातला सगळ्यात मोकळा निवडा. ३ किंवा ८ असे मधले चॅनल निवडून फायदा होत नाही, दोन्हीकडच्यांचा गोंगाट तुमच्याकडे येतो. चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्‌झवर ठेवा.

मागच्या खोलीत रेंज नाही. एक्स्टेंडर घेऊ, मेश घेऊ की दुसरा राउटर?

मागच्या खोलीपर्यंत लॅन केबल नेता येत असेल तर दुसरा प्रश्नच नको: केबल न्या आणि तिथे साधा दुसरा राउटर लावा. जुना पडून असलेलाही चालतो. स्वस्त एक्स्टेंडर एकाच लहरीवर ऐकतो आणि त्याच लहरीवर पुढे सांगतो, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. शिवाय लोक तो जिथे रेंज नाही तिथेच लावतात. ज्याला स्वतःलाच ऐकू येत नाही तो पुढे काय पोहोचवणार? एक्स्टेंडर नेहमी अर्ध्या वाटेवर लावायचा, जिथे रेंज अजून बरी आहे तिथे. मेशच्या पेट्या, म्हणजे एकमेकींशी जोडून घरभर एकच वायफाय देणाऱ्या पेट्या, यापेक्षा चांगल्या, पण वाड्याच्या भिंतीत त्यांनाही केबल जोडली तरच त्या पैशाचं चीज होतं.

दुसरा राउटर लावताना तीन गोष्टी कराव्या लागतात. त्याचा आयपी पत्ता, म्हणजे घरच्या नेटवर्कमधला त्याचा क्रमांक, बदला: पहिला १९२.१६८.१.१ असेल तर दुसऱ्याला १९२.१६८.१.२ द्या. त्याचं डीएचसीपी, म्हणजे घरातल्या यंत्रांना असे पत्ते वाटण्याचं काम, बंद करा. आणि केबल त्याच्या वॅनमध्ये (बाहेरचं नेट घेणाऱ्या भोकात) न घालता लॅनच्या भोकात घाला. राउटरमध्ये 'अॅक्सेस पॉइंट मोड' असेल तर तो निवडला की हे सगळं आपोआप होतं. डीएचसीपी चालू राहिलं तर दोन्ही राउटर घरातल्या यंत्रांना पत्ते वाटत बसतात. मग कुणाचं नेट चालतं, कुणाचं नाही, आणि रोज वेगळ्याचं नाही. हा असा फिरता बिघाड दिसला की आधी दुसऱ्या राउटरवर संशय घ्या.

नेटवर्कचा स्विच (एका लॅन केबलवरून अनेक केबली काढायची पेटी) लावला असेल तर एकाच केबलची दोन्ही टोकं त्यात घुसलेली नाहीत ना, तेही बघा. साफसफाई करताना कुणीतरी लोंबणारं टोक "इथलंच असेल" म्हणून रिकाम्या भोकात घालतं आणि सगळं घर ठप्प होतं. आतल्या आत तोच डेटा फिरत राहतो आणि बाकी कशाला जागाच उरत नाही.

लॅन केबल कोणती घ्यावी?

कॅट ६, आणि शुद्ध तांब्याची. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेल्या अॅल्युमिनियमची केबल निम्म्या भावात मिळते, तिच्या खोक्यावर किंवा आवरणावर 'सीसीए' लिहिलेलं असतं. ती ठिसूळ असते, लांब अंतरावर कमजोर पडते आणि भिंतीत एकदा घातली की बदलता येत नाही. दुकानदाराला समोर टोक कापायला लावा आणि तार चाकूने खरवडा. आत पांढरट चकाकी दिसली तर परत द्या. एका सलग केबलची मर्यादा १०० मीटर.

केबलच्या टोकांना प्लास्टिकची क्लिप बसवताना आतल्या तारांच्या रंगांचा क्रम दोन्ही टोकांना सारखा ठेवा: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. क्लिपची पकड खाली आणि सोनेरी दात वर, तुमच्याकडे, असं धरून डावीकडून उजवीकडे. आठही तारा क्लिपच्या टोकाला टेकलेल्या दिसल्यावरच दाबा, आणि बाहेरचं आवरणही क्लिपच्या आत गेलं पाहिजे, नाहीतर महिन्याभरात तारा निसटतात.

एक हमखास आढळणारा बिघाड: प्लॅन २०० चा आणि केबलवर नेमके ९४-९५ च येतात. गिगाबिटला आठही तारा लागतात, १०० ला चारच पुरतात. उरलेल्या चारांपैकी एखादी तार तुटली की दोन्हीकडची यंत्रं गुपचूप १०० वर उतरतात. क्लिप नव्याने बसवा. टीव्हीच्या बाबतीत मात्र काळजी नको, बहुतेक टीव्हींचं लॅनचं भोकच १०० चं असतं आणि सिनेमाला ते भरपूर आहे.

वायफाय जोडलेलं दिसतं, पण "इंटरनेट नाही" असं लिहून येतं.

लॅपटॉपवर वायफायच्या माहितीत आयपी पत्ता बघा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही, लॅपटॉपने स्वतःच एक लावून घेतलाय. राउटर रीस्टार्ट करा, लॅपटॉपवर ते नेटवर्क 'विसरा' आणि पुन्हा जोडा. पत्ता १९२.१६८ ने सुरू होतो पण नेट नाही, तर राउटरपर्यंत सगळं ठीक आहे आणि अडचण त्याच्या पुढे आहे. रिचार्ज संपला नाही ना, हेही याच वेळी बघा. तक्रार करून माणूस घरी आल्यावर हे कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

व्हॉट्सअॅपवर मेसेज येतात, वेबसाइट मात्र उघडत नाहीत. असं कसं?

हे बहुधा डीएनएसचं काम. वेबसाइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधून देणारी ती यंत्रणा. राउटरच्या किंवा लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये डीएनएस म्हणून १.१.१.१ आणि ८.८.८.८ भरून बघा. एकाच लॅपटॉपवर असं होत असेल तर त्याची तारीख आणि वेळ बरोबर आहे का ते पाहा. आतला छोटा सेल संपला की तारीख मागे जाते आणि सुरक्षित वेबसाइट उघडायला नकार देतात.

ऑनलाइन गाण्याचा, सतारीचा क्लास असतो. आवाज तुटतो, सूर मध्येच गायब होतो.

तंतुवाद्यांच्या मिरजेत हा प्रश्न येणारच, आणि याकडे नीट लक्ष द्यावं असं मला वाटतं, कारण यात दोन वेगळे दोष एकत्र दिसतात.

पहिला नेटवर्कचा. चांगल्या व्हिडिओ कॉलला ३-४ एमबीपीएस पुरतात, त्यामुळे प्लॅन कमी पडतो असं सहसा नसतं. क्लासच्या वेळी घरातल्या कुणाचा तरी मोबाइल दिवसभराचे फोटो-व्हिडिओ वर चढवत असतो, अपलोडची वाट भरून जाते आणि तुमचा आवाज रांगेत अडकतो. फोटोंचा बॅकअप रात्री उशिरावर टाका, आणि क्लासचा लॅपटॉप केबलवर घ्या. राउटरमध्ये 'क्यूओएस' (कुणाच्या डेटाला आधी वाट द्यायची ते ठरवण्याची सोय) असेल तर त्या लॅपटॉपला प्राधान्य द्या.

दुसरा दोष नेटवर्कचा नसतोच. व्हिडिओ कॉलची अॅप्स बोलणं स्पष्ट यावं म्हणून मागचा सलग आवाज पंख्याची घरघर समजून पुसतात. तानपुरा नेमका तसाच सलग वाजतो, म्हणून अॅप तो गिळून टाकतं, आणि सतारीची लांबलेली मींडही मध्येच विझते. अॅपच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये 'नॉइज सप्रेशन' बंद करा, झूममध्ये संगीतासाठी 'ओरिजिनल साउंड' हा वेगळा पर्याय आहे. दोन्हीकडे हेडफोन लावा. मात्र गुरू-शिष्यांनी एकाच वेळी वाजवणं अशा कॉलवर जमत नाही. आवाज जाऊन यायला लागणारा वेळ तालाला सहन होत नाही. गुरुजींनी वाजवायचं, मग शिष्याने, हीच पद्धत ठेवावी.

लाइट गेली की नेट जातं. इन्व्हर्टर नाही.

राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो. तो घेताना राउटर आणि ओएनटीच्या अॅडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचा. बहुतेक १२ व्होल्टचे असतात, काही ९ किंवा ५ चे. व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत, अँपिअर यूपीएसचे जास्त असले तर चालतात. दोन पेट्या असतील तर दोन्हींच्या अँपिअरची बेरीज करा आणि दोन्हींना पुरणारा घ्या, ओएनटी बंद आणि राउटर चालू असं झालं तर उपयोग शून्य.

विजा कडाडतात तेव्हा काय बंद करायचं?

वळवाच्या पावसात राउटर जळण्याचे प्रकार दरवर्षी होतात. काचेच्या फायबरमधून वीज येत नाही. पण घरापर्यंत आलेल्या केबलला आधारासाठी बऱ्याचदा पोलादी तार असते, ती पेटीपर्यंत आत आणू देऊ नका, बाहेरच कापून बांधायला सांगा. खरा धोका विजेच्या प्लगमधून आणि छतावरच्या कॅमेऱ्याकडे गेलेल्या लॅन केबलमधून येतो. ढग गडगडायला लागण्याआधीच अॅडॉप्टर आणि त्या केबली काढून ठेवा. नुसतं बटण बंद करून भागत नाही.

घर आणि बेदाणा शेड यात तीनशे मीटर अंतर आहे. तिथे कॅमेरा लावायचाय.

तांब्याची लॅन केबल नको: १०० मीटरची मर्यादा आहे, आणि दोन इमारतींमध्ये उघड्यावरून गेलेलं तांबं विजेला आमंत्रण देतं. दोन मार्ग उरतात.

फायबर टाकायची आणि दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि लॅन केबल यांची सांगड घालणाऱ्या पेट्या) लावायचे. पाइपमधून, नांगराच्या फाळाला लागणार नाही इतक्या खोल नेली तर वर्षानुवर्षं बघावं लागत नाही. बांधाच्या कडेने न्या आणि कुठून गेली त्याची खूण ठेवा.

दुसरा मार्ग ५ गिगाहर्ट्‌झच्या समोरासमोरच्या अँटेनांचा. एक घराच्या गच्चीवर, एक शेडवर. दोघींना एकमेकी स्पष्ट दिसल्या पाहिजेत, आणि नुसती नजर पोहोचून भागत नाही, तीनशे मीटरवर मधोमध साधारण २ मीटर त्रिज्येचा पट्टा मोकळा लागतो. इथे आपल्या भागात एक गोष्ट हमखास नडते. अँटेना जानेवारीत लावली, मध्ये नुकता लावलेला ऊस गुडघ्याएवढा, जोडणी झकास. पावसाळा सरेपर्यंत ऊस बारा फुटांवर गेलेला असतो, पानं ओली असतात, आणि कॅमेरा दिसेनासा होतो. मालक अँटेना बिघडली म्हणून बदलायला निघतो. लावतानाच उसाची पूर्ण वाढ धरून उंची ठरवा. द्राक्षाच्या मांडवाचा त्रास होत नाही, तो खालीच राहतो. अँटेनेला वीज लॅन केबलमधूनच जाते, तिच्यासोबत आलेला अॅडॉप्टरच वापरा. २४ व्होल्टच्या अँटेनेला ४८ चा लावला तर ती जळू शकते.

कॅमेरा घरात मोबाइलवर दिसतो, बाहेर गेलं की दिसत नाही.

राउटरच्या पानावर वॅनचा आयपी पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांमधला असेल तर कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलाय, आणि राउटरमध्ये कितीही पोर्ट (बाहेरून आत यायच्या वाटा) उघडले तरी बाहेरून आत येता येणार नाही. कॅमेऱ्याच्या कंपनीचं क्लाउड अॅप वापरा, ते आतून बाहेर जोडणी करतं म्हणून चालतं. नाहीतर कंपनीकडून स्थिर पत्ता विकत घ्या.

पुराचं पाणी चढतंय. नेटच्या सामानाचं काय करायचं?

२००५, २०१९ आणि २०२१ पाहिलेल्या सांगलीकराला हे समजावून सांगावं लागत नाही. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. नदीकाठच्या भागात राहत असाल तर चाळिशी गाठण्याची वाट बघू नका, सामान वर नेताना राउटर लक्षातही राहत नाही, आणि पुरात बातम्या, नातेवाईक, बोटीची चौकशी, सगळं त्याच्यावर असतं.

आधी मेन स्विच, मग अॅडॉप्टर. फायबरचं टोक पेटीतून हलक्या हाताने काढा, त्याची छोटी टोपी लावा, टोपी हरवली असेल तर स्वच्छ प्लास्टिकची पिशवी गुंडाळून उंचावर खिळ्याला अडकवा. ओएनटी, राउटर आणि त्यांचेच अॅडॉप्टर एका पिशवीत घालून माडीवर न्या. ग्राहक क्रमांक आणि युजरनेम मोबाइलमध्ये लिहून ठेवा, कारण पासबुकं आणि वह्या भिजतात.

पाणी ओसरल्यावर भिजलेली पेटी वाळलीय असं वाटलं तरी विजेला लावू नका, आत गाळ बसलेला असतो. काच पाण्याने खराब होत नाही, पण खांबावरच्या आणि रस्त्याकडेच्या जोडपेट्यांत गाळ शिरतो, म्हणून तुमच्या घरचं सगळं ठीक असूनही लाल दिवा राहू शकतो. फायबरच्या टोकाला चिखल लागला असेल तर कपड्याने पुसू नका, ओरखडा पडतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि फायबर पुसायचा कागद घेऊन जाणकाराकडून पुसून घ्या. नवीन घर बांधत असाल किंवा वायरिंग बदलत असाल तर फायबर आणि राउटरची जागा पहिल्या मजल्यावरच ठरवा.

वायफायचा पासवर्ड सोडून सुरक्षिततेसाठी आणखी काय करायचं?

राउटरच्या सेटिंगमध्ये शिरायचा पासवर्ड बदला, तो बहुतेक घरांत पेटीच्या तळाशी छापलेलाच राहिलेला असतो. सुरक्षेत डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ निवडा, डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता बटण दाबून जोडण्याची सोय) बंद करा. पाहुण्यांना, भाडेकरूंना गेस्ट नेटवर्क द्या. शेजाऱ्याला मुख्य पासवर्ड देऊ नका, जोडणी तुमच्या नावावर आहे.

मुलांचं नेट रात्री बंद ठेवता येईल का?

राउटरच्या पॅरेंटल कंट्रोलमध्ये वेळ लावता येते. मात्र आताचे मोबाइल प्रत्येक वायफायला आपली वेगळी, बदललेली ओळख दाखवतात. त्या मोबाइलच्या सेटिंगमध्ये तुमच्या वायफायपुरती 'खरी मॅक', म्हणजे मोबाइलची मूळ ओळख, निवडा, नाहीतर नियम लागू होत नाही. आणि मोबाइल डेटा चालू असेल तर राउटरवरचा नियम कामाचा नाही, तिथे बोलणंच करावं लागतं.

तक्रार करताना काय सांगावं म्हणजे लवकर काम होईल?

"नेट स्लो आहे" एवढ्यावर समोरचा रीस्टार्ट करायला सांगून फोन ठेवतो. त्याऐवजी असं सांगा: ग्राहक क्रमांक अमुक, काल संध्याकाळी सातपासून, केबलने लावलेल्या लॅपटॉपवर १०० च्या जागी १२ येतात, आरएक्स पॉवर आधी उणे २० होती ती आता उणे २७ आहे, पॉन हिरवा, लॉस बंद, शेजारच्या घरी ठीक चालू आहे. हे ऐकलं की माणूस जोडणीचं यंत्र घेऊनच निघतो, दुसरी फेरी लागत नाही. तक्रार क्रमांक मागून घ्या.

जुना राउटर भंगारात द्यावा का?

चालू असेल तर मागच्या खोलीत किंवा शेडमध्ये वापरा, आधी सांगितलंच. द्यायचाच असेल तर तेवढ्यापुरतं मात्र टाचणीने रीसेट करा, कारण त्यात तुमचा वायफायचा पासवर्ड आणि कंपनीचं युजरनेम तसंच असतं. कंपनीने दिलेली पेटी भंगारात देऊ नका, जोडणी बंद करताना ती परत मागतात. बाकीचं ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या, आणि अॅडॉप्टर ठेवून घ्या, १२ व्होल्टचा चांगला अॅडॉप्टर कधीतरी लागतोच.